साखरपुड्याला टोपी आली

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
ता. २४ नोव्हेंबर १९९६

चि. संगमेश यास विश्वेश्वर व गंगासागर यांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझी खुशाली पत्रातून कळते, पण इथं पोचेस्तोवर ती शिळी झालेली असते. फोन करा म्हणतोस, तर एसटीडीवाला शहादेव आपल्याला काचेच्या खोक्यात बसवतो आणि स्वतः बाहेर कान लावून उभा राहतो. मागल्या खेपेला तुझं पोट बिघडल्याचं मी घरी येऊन सांगायच्या आधी तुझ्या आईला बाजारात कळलं होतं. ओव्याच्या पुड्या घेऊन दोघीतिघी आल्यासुद्धा. तेव्हा पत्रच बरं.

मुख्य मजकूर असा. गेवराईचे कापडवाले मन्मथअप्पा, ज्यांची शिवकन्या तू दिवाळीत पाहिलीस, त्यांचा होकार आला. साखरपुडा रविवारी, १५ डिसेंबरला, आपल्याच घरी धरलाय. पण होकार सुखासुखी मिळाला नाही हे तुला कळलं पाहिजे. मुलीचे मामा बिभीषणराव लई चौकस. मुलगा राहतो कुठं, म्हणाले. मी म्हटलं, शारजाला. मग जर्मनीतून पत्र कसं आलं? म्हटलं, कामाला गेलता. विमानात माणसं किती बसतात? म्हटलं, एकबी नाही, माल असतो. त्यावर मामा म्हणाले, म्हणजे ट्रकच की, वरून जाणारा. मी लगेच सांगितलं की मुलगा कॅप्टन आहे. तू दुसऱ्या खुर्चीवर बसतोस हे मला माहीत आहे, पण दोन खुर्च्यांत अंतर ते किती असणार.

तू धाडलेलं महिन्याचं वेळापत्रक मी दुकानात तराजूच्या वर चिकटवलंय. आडतीवर तूर घेऊन आलेला माणूस आधी ते बघतो आणि विचारतो, अप्पा, आज आपलं इमान कुठं हाय? मी वाचून सांगतो. सगळ्यांना बरं वाटतं.

तुझी आई विचारते की तू लिंगपूजा कधी करतोस. सकाळी आंघोळ करून पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तू रात्रभर जागा, दिवसा झोपलेला, आज ह्या देशात, उद्या त्या. तर तुझी सकाळ कोणती? याचा खुलासा यावा, ती बेजार आहे.

साखरपुड्याला दोन दिवस आधी ये. बाकी भेटीअंती.

तुझा,
अप्पा


शारजा,
५ डिसेंबर १९९६

तीर्थरूप अप्पा व सौ. आई यांच्या चरणी संगमेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. सर्वात आधी, तराजूवरचं वेळापत्रक काढून टाका. आमचं वेळापत्रक महिनाअखेरीला जन्मतं आणि नव्या महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वारतं. तुम्ही लोकांना जे वाचून दाखवता ते त्याचं प्रेत आहे. ज्या दिवशी मी मुंबईला असल्याचं तुम्ही सांगितलं असेल, त्या दिवशी मी इथं खोलीत बूट घालून बसलेलो असणार. याला आमच्याकडं रिझर्व्ह म्हणतात. गणवेश चढवायचा, बॅग भरायची आणि फोनकडं बघत बसायचं. कोणी आजारी पडला, कुठं माल वाढला, की बोलावणं येतं. नाही आलं तर दिवस गेला. तो सुट्टीत धरत नाहीत, कामातही धरत नाहीत. जू मानेवर आणि गाडी उभी, असा प्रकार.

बिभीषणमामांना सांगा, की शारजा हे माझं घर नाही, तो माझा खुंटा आहे. कंपनी त्याला बेस म्हणते. काम तिथून सुरू, तिथं संपतं. मधल्या मधे माणूस कुठं झोपतो ही ज्याची त्याची अडचण. ज्येष्ठ लोकांना चांगला खुंटा मिळतो, माझ्यासारख्याला उरलेला. आम्हा चौघांना मिळून एक घर दिलंय. त्यातल्या दोघांना मी पाहिलंय. तिसरा निकोलाय म्हणून रशियाकडचा आहे. आठ महिने झाले, त्याचा ओला टॉवेल तेवढा ओळखीचा. तो आला की मी गेलेलो असतो. फ्रीजच्या दारावर आम्ही एकमेकांना चिठ्ठ्या लिहितो, दूध संपलं, गॅस बंद केला का, वगैरे. माणूस सज्जन वाटतो.

मागल्या आठवड्यात मेंढ्या नेल्या. दार उघडून मागं डोकावलो, तो वास आला, आणि पाटोद्याचा आठवडी बाजार आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमचा मोठा पायलट इजिप्तचा आहे. माझे डोळे बघून त्याला वाटलं मागं धूर झालाय, आणि त्याने आगीच्या वेळची सगळी तयारी सुरू केली. मग मला खरं कारण सांगावं लागलं. तो अजून मला बघून हसतो.

आईच्या प्रश्नाबद्दल. पूर्वेला निघालो की मध्यरात्र सरते न सरते तोच सूर्य समोर उभा. पश्चिमेला गेलो की तो मावळायलाच तयार नसतो. त्यामुळं जेव्हा झोपून उठतो तेव्हा आंघोळ करून पूजा करतो. जर्मनीतल्या हॉटेलात उदबत्ती लावली तर छतातून पाणी सुटलं आणि अग्निशमनवाले आले. तेव्हापासून उदबत्ती बंद आहे, बाकी पूजा नीट चालू आहे. हे चालतं का, ते आपल्या मठाच्या स्वामींना विचारून कळवा.

पंधरा तारखेची सुट्टी मागितली आहे आणि ती मंजूर दिसते आहे. पण अप्पा, आमच्या धंद्यात 'दिसते आहे' याला फार अर्थ नसतो. मी पुरता प्रयत्न करतो. मला यायचंच आहे.

आपला आज्ञाधारक,
संगमेश


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
ता. १७ डिसेंबर १९९६

चि. संगमेश यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाच तारखेचं पत्र आज मिळालं. साखरपुडा परवा झाला. कसा झाला ते आता ऐक, आणि उभा असशील तर बस.

शनिवारी दिवे लागायच्या वेळेला शहादेव बूथ उघडा टाकून पळत आला. तुझा फोन आला होता, कोणी आजारी पडलं म्हणून तुला दुसरीकडं जावं लागतंय. म्हणजे ही गोष्ट आधी त्याला, मग गावाला आणि शेवटी मला कळली. तोवर बुंदी पाडून झाली होती. सकाळी गेवराईहून दोन जीपभर माणसं उतरली. मन्मथअप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आलेली माणसं परत पाठवायची कशी, आणि पुन्हा तारीख धरली तरी तुझा भरवसा काय?

तेव्हा बिभीषणमामा म्हणाले की पूर्वीच्या काळी लढाईवर गेलेल्या नवरदेवाची तलवार आणून तिच्याशी लग्न लावत. आपल्याकडं तलवार कुठली, आपली तागडी. पण त्यांची नजर दुकानात गेली. तू मागल्या वेळी विसरलास ती सोनेरी पट्टीची टोपी खुंटीला होती. मामांनी विचारलं, ही त्यांच्या डोक्यावर बसलेली आहे का? म्हटलं, लई वेळा. स्वामींना विचारलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, अंगावरची वस्तू म्हणजे माणसाचा अंशच.

मग चौरंगावर घोंगडी घातली, तिच्यावर टोपी ठेवली. पट्टीवरच्या बिल्ल्याला कुंकू लावलं. तुझी आई म्हणाली, मी माझ्या लेकाला ओवाळीन, टोपीला कावून ओवाळू? मग रडत रडत ओवाळलंच तिनं. आहेराची वेळ आली तशी पंचाईत झाली, कारण गेवराईकरांनी जावयासाठी रीतीप्रमाणं टॉवेल-टोपी आणली होती. शेवटी टॉवेल खाली अंथरला आणि तुझ्या टोपीवर पांढरी टोपी चढवली. बाजारपेठेत यावरून काय काय विनोद चाललेत ते पत्रात लिहिण्याजोगे नाहीत.

पण एक सांगतो, कार्य निर्वेध पार पडलं. मन्मथअप्पा जाताना म्हणाले की इतका गुणी जावई पाहिला नाही, रुसला नाही, काही मागितलं नाही, की जेवणाला नावं ठेवली नाहीत. सगळे हसले. शिवकन्या हसली नाही. ती टोपीकडं बघत होती, आणि तिच्या मनात काय चाललं होतं ते मला उमगलं नाही.

लग्न रविवारी, ११ मे, गेवराईला. आत्तापासून सांगून ठेव.

स्वामी म्हणतात, जिथं जाग आली तिथं सकाळ. आईची काळजी मिटली.

तुझा,
अप्पा


गेवराई,
१८ जानेवारी १९९७

श्री. संगमेश यांस शिवकन्येचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे आमच्या घरी माहीत आहे. आमची आई म्हणाली, साखरपुडा झालाय, लिही. कोणाशी झालाय ते ती विसरली असावी.

संक्रांतीला जावयाला जेवायला बोलवायचं म्हणून इकडून निरोप गेला, आणि तुमचे अप्पा खरोखर टोपी घेऊन आले. अनारशांच्या डब्यात, वर फडकं बांधून, पाटोद्याहून एसटीनं. कंडक्टर म्हणाला डब्यात काय हाय, तर अप्पांनी सांगितलं, मुलगा. त्यानं तिकीट मागितलं नाही म्हणून अप्पा मोठ्या खुशीत होते.

टोपीला गादीवर बसवलं. पानात पुरणपोळी वाढली, वर तूप. मामांनी पंखा लावू का म्हणून विचारलं. शेजारच्या छबुबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, नवरा गोरा हाय की काळा, काय कळंना. जेवणं झाल्यावर टोपी आठ दिवस राहावी असा वडिलांनी आग्रह केला. ती अजून इथंच आहे. वडील संध्याकाळी दुकान बंद करून आले की तिच्यासमोर बसतात आणि तयार कपड्यांच्या दुकानांमुळं आता ताग्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, हे तिला सांगतात. माझ्याशी ते धंद्याचं कधी बोलले नाहीत. मला टोपीचा हेवा वाटतो.

इथवर मी हसत लिहिलं. आता हसत नाही. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, मला रोज हजेरी घ्यायची सवय आहे. जो हजर नाही त्याच्या नावापुढं दुसऱ्यानं ओ दिलेली मी चालवून घेत नाही. पण आमच्या आणि तुमच्या, दोन्ही घरांना आता तुमच्यावाचून जमायला लागलंय. टोपी उशीर करत नाही, टोपीचं वेळापत्रक बदलत नाही, म्हणून ती सगळ्यांना सोयीची झाली आहे. लग्नातही हिलाच उभी करतील अशी मला धास्ती आहे. तेव्हा आधीच सांगते, मी माळ घालीन ती गळ्यात. ११ मे ला गळा नसला तर जूनमध्ये शाळा उघडताच मी पुन्हा हजेरी घ्यायला जाईन, आणि हे स्थळ माझ्यापुरतं संपलं असं समजावं.

तुम्ही मोठे अधिकारी आहात की छोटे, कोणत्या खुर्चीत बसता, याचं मला काही नाही. दिवाळीत मला बघायला आलात तेव्हा तुम्ही माझ्या आईला, पोहे तुम्ही केलेत का, असं विचारलंत आणि आणखी मागून घेतलेत. त्या माणसाला मी होकार दिला होता.

थोरांना नमस्कार. उत्तर आलं तर वाचीन.

शिवकन्या


शारजा,
२० फेब्रुवारी १९९७

सौ. होऊ घातलेल्या शिवकन्येस संगमेशचा स. न. वि. वि.

मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून जे सुचलं ते लिहिलं. टोपीच्या नावानं आलेलं आमंत्रण तिनं मला कळवलं नाही, नाहीतर मीही आलो असतो. इथं मी त्या दिवशी डब्यातला राजमा खाल्ला.

तुमचं पत्र मी चार वेगवेगळ्या देशांत वाचलं. मला तुमचा राग आला नाही, भीती वाटली, कारण तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. मी सगळीकडं असतो आणि कुठंच नसतो. जाग येते तेव्हा खिडकीबाहेरचा रस्ता कोणत्या गावाचा ते आठवायला वेळ लागतो. मी उठतो तेव्हा तिथली दुकानं बंद होत असतात. जेवायला सोबत नसते. एकदा बोलायला कोणी नव्हतं म्हणून मी हॉटेलच्या माणसाला उगाच फोन करून विचारलं, की गरम पाणी येतं का. येत होतं. हे मी अप्पांना कधी लिहीत नाही. त्यांना पाटोद्यात ताठ मानेनं हिंडता यावं एवढीच माझी इच्छा.

आता नवं सांगतो. कंपनी मला कॅप्टन करते आहे. पण खुंटा बदलायचा, नैरोबीला जायचं. आणि शिकवणी सुरू होते ७ मे ला. नको म्हटलं तर यादीत माझं नाव पार तळाला जाईल, मग पुन्हा पाळी कधी येईल ते सांगता येत नाही. हो म्हटलं तर ११ मे ला मी नैरोबीत असेन, आणि पुढं वर्षभर महिन्यातून दोन दिवस घर. हेच मी अप्पांनाही लिहिलं आहे. त्यांचं उत्तर मला माहीत आहे. तुमचं काय?

तुमच्या आईच्या पोह्यांचा विषय निघाला म्हणून, त्यात शेंगदाणे जरा जास्त होते, म्हणूनच मागितले.

आपला,
संगमेश


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
ता. ९ मार्च १९९७

चि. संगमेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅप्टन! तुझ्या आईनं पेढे वाटले. मी तीन वर्षं लोकांना जे सांगत आलो ते कंपनीनं शेवटी खरं केलं. डोळे झाकून हो म्हण आणि नैरोबीला जा.

लग्नाची काळजी नको. मी स्वामींशी बोललो. जे साखरपुड्याला चाललं ते लग्नाला चालायला हरकत नाही, असं त्यांचं मत पडतंय. निदान नाही तरी म्हटले नाहीत. शिवाय आता या गोष्टीला पायंडा पडलाय. डोंगरकिन्हीच्या रुक्मिणीबाईंचा मुलगा फौजेत आहे, त्यालाही सुट्टी मिळेना. त्या विचारायला आल्या होत्या की टोपी घरी नाही, बूट आहे, तो चालेल का. स्वामींनी बूट नको म्हणून सांगितलं. बेल्ट असला तर आणा म्हणाले. म्हणजे बघ, लोक आपल्याकडं बघून चालायला लागलेत.

पत्रिका छापून आल्या. वर मन्मथस्वामींचं चित्र, खाली तुझं नाव, आणि नावाआधी ठळक अक्षरात कॅप्टन. डाव्या कोपऱ्यात विमान टाकलंय. छापणाऱ्याकडं प्रवासी विमानाचाच ठसा होता, खिडक्यांचा, तो चालवून घेतला.

आता एवढ्यावर माघार घेऊ नकोस. एकदा हातची पाळी गेली की गेली.

तुझा,
अप्पा


गेवराई,
६ एप्रिल १९९७

श्री. संगमेश यांस शिवकन्येचा स. न. वि. वि.

तुम्ही माझं उत्तर विचारलंत. कॅप्टन होऊ नका असं मी सांगणार नाही. उद्या डोक्यावरून एखादं विमान गेलं की तुम्ही माझ्याकडं बघाल, ते मला नको. तुमचं तुम्ही ठरवा. मी कुठं असेन तेवढं सांगते. ११ मे ला दुपारी मी मांडवात असेन, माळ हातात घेऊन.

पत्रिका पाहिली. तुमच्या अप्पांनी पेढे पाठवले होते, ते गोड होते. त्यांच्या निरोपात टोपीला इस्त्री करून ठेवा असं होतं. मी टोपी डब्यात घालून मागल्या आठवड्यात एसटीनं पाटोद्याला परत केली. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. वडिलांना तर करमेनासं झालंय, संध्याकाळी ते रिकाम्या गादीसमोर बसतात. मी त्यांना म्हटलं, मला सांगा की धंद्याचं. काल पहिल्यांदा सांगितलं त्यांनी.

शिवकन्या


शारजा,
२५ एप्रिल १९९७

प्रिय शिवकन्या,

येतो. कंपनीला नाही म्हणून कळवलं. साहेबाला वाटलं मी इंग्रजी चुकलो, म्हणून त्यानं मला दोनदा विचारलं. नाव यादीच्या तळाला गेलं, खुंटा शारजाच राहिला. अप्पांना मी अजून लिहिलं नाही. त्यांच्या पत्रिकेवरचा तो ठळक शब्द डोळ्यांपुढं येतो आणि पेन पुढं सरकत नाही.

सुट्टी मात्र सरळ मिळाली नाही. आमच्यात सुट्टी म्हणजे अदलाबदल. माझ्या त्या दिवसांच्या फेऱ्या ज्यांनी घेतल्या, त्यांच्या फेऱ्या आधी मला करून द्यायच्या. त्यामुळं इथून पुढं मी रोज रात्री उडतो आहे. कायद्यात बसेल तेवढंच, पण अगदी काठोकाठ. निकोलायनं सर्वात जास्त फेऱ्या घेतल्या. चिठ्ठीवर कारण लिहिलं, तर तो जिन्यात माझी वाट बघत थांबला. पहिल्यांदा भेटलो. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या उंचीचा आहे. त्यानं मला मिठी मारली आणि लगेच निघून गेला, त्याचं विमान होतं.

शेवटची फेरी मुंबईला संपते, दहा तारखेला संध्याकाळी. पुढं जे वाहन मिळेल त्यानं येईन.

तुमचा,
संगमेश


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
ता. २२ मे १९९७

चि. संगमेश यास अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचा फोन आला, शहादेवनं कळवलं. आता तुझ्या लग्नात काय काय झालं ते तुला सविस्तर लिहितो, कारण तिथं आलेल्या माणसांत तेवढं तुलाच ठाऊक नाही.

सकाळी वऱ्हाड गेवराईत पोचलं तेव्हा तुझा पत्ता नव्हता. तू येणार हे शिवकन्येनं मला आदल्या दिवशीच कळवलं होतं, पण मी खरं धरलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, पिशवीत टोपी होती. तेवढ्यात हायवेच्या नाक्यावर वाशीहून कांदा उतरवून आलेला रिकामा ट्रक थांबला आणि ड्रायव्हरनं तुला काखेत धरून खाली घेतलं. मांडवात येऊन म्हणाला, ह्यो माल गेवराईचा हाय म्हनं, ताब्यात घ्या. तू सगळ्यांच्या पाया पडलास. बिभीषणमामांच्या दोनदा पडलास. मन्मथअप्पांच्या गड्याच्याबी पडलास.

हळद लावताना तुझी मान एका बाजूला गेली. बायका म्हणाल्या, लाजतोय. आंघोळ घातली, फेटा बांधला, खुर्चीवर बसवलं, तिथंच तू गाढ झोपलास. मुहूर्त जवळ आला तसं मामांनी तुला गदगदा हलवलं. तू डोळे उघडलेस, इंग्रजीत त्यांना काहीतरी हुकूम दिलास आणि परत झोपलास. मामा तो हुकूम पाळायला कुठंतरी गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

मग मी म्हटलं, चौघांनी धरून उभा करा आणि अक्षता टाकून मोकळे व्हा. बँडवाल्या सिदूला सांगितलं, जा, त्याच्या कानाशी वाजव. त्यानं पिपाणी तोंडाला लावली तेवढ्यात शिवकन्या शालू सावरत बाहेर आली. सगळ्या वऱ्हाडासमोर तिनं सिदूच्या पिपाणीच्या तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अप्पा, माणूस आलाय. आता त्याला झोपू द्या."

आडतीवर पुकारा करून माझं आयुष्य गेलं, माझा आवाज एसटी स्टँडवर ऐकू जातो, पण त्या दिवशी मी नुसत्या हातानं सिदूला मागं सारलं. मुहूर्त टळला. स्वामींनी पंचांग मिटलं आणि तेही सावलीला जाऊन टेकले. अक्षतांच्या आधी पंगत बसली, जे आपल्यात कधी झालं नाही. सगळं लग्न कुजबुजत जेवलं. वाढपी जिलेबी हवी का म्हणून बोटानं गोल काढून विचारत होते. मामा सापडले ते नाक्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना हात जोडून हॉर्न वाजवू नका म्हणून विनवत होते. छबुबाईंचं आणि त्यांच्या जावेचं मानपानावरून भांडण लागलं, तेसुद्धा पार मांडवाच्या मागं जाऊन भांडल्या.

तुझी आई तुझ्या पायाशी बसून माशा वारत होती. मी समोर बसलो. हैदराबादला शिकायला गेलास त्यानंतर तुला झोपलेला मी पाहिलाच नव्हता रे. तोंड उघडं, फेटा डोळ्यावर आलेला. कानांवर पांढरे केस आलेत तुझे, एवढ्यातच. दुपारभर बघत बसलो. लई वाईट वाटलं, आणि लई बरंबी वाटलं. तू कॅप्टनकी नाकारल्याचं शिवकन्येनंच मला तिथं सांगितलं, हळू आवाजात. मी राग आणायचा प्रयत्न केला, आला नाही.

दिवे लागताना तू आपसूक उठलास, पाणी मागितलंस, आणि इकडंतिकडं बघून विचारलंस की लग्न कोणाचं आहे. तेव्हा जो हशा पिकला तो तुला आठवत असेल. त्यानंतरचं सगळं तुझ्या देखत झालं.

आता मागचं. लोक विचारतात, तर मी सांगतो की मुलगा दुसऱ्या खुर्चीवर बसतो. कोणाला फरक पडला नाही. मलाच उगाच वाटत होतं. शिवकन्येचा पासपोर्ट आला, पुढल्या महिन्यात ती तिकडं निघेल. वडिलांच्या दुकानातून तिनं जाड काळ्या कापडाचा तागा काढून घेतलाय, तुझ्या खोलीच्या खिडक्यांना दिवसा लावायला. नव्या नवरीबरोबर काळं कापड धाडतात का म्हणून बिभीषणमामा भांडले. तिनं ऐकलं नाही. तुझ्या आईनं त्याला स्वतः शिवण घातली.

या पत्राचं उत्तर लगेच लिहायला बसू नकोस. आधी झोप.

तुझा,
अप्पा